गावाचा भूगोल आणि लोकसंख्येचा इतिहास कसा लिहावा: आधी हद्द, मग आकडे

विदर्भातील पुष्कळ गावांत हल्ली आपल्या गावाचा इतिहास लिहून काढण्याची इच्छा दिसते. शाळेचे शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य, महाविद्यालयात शिकणारी मुले किंवा एखादे निवृत्त पटवारी हे काम अंगावर घेतात. बहुतेक वेळा लेखनाची सुरुवात ग्रामदैवताच्या आख्यायिकेने होते, त्यानंतर २०११ च्या जनगणनेतला एक आकडा येतो आणि मग थेट पाण्याची टाकी, समाजमंदिर आणि शाळेची इमारत यांची यादी लागते. या सगळ्याला मोल आहे, पण त्यातून गाव कसे वसले, कधी वाढले, कधी ओस पडले आणि का, हे कळत नाही. ते कळावे यासाठी काम कोणत्या क्रमाने करावे आणि कोणत्या कागदाकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. सगळे एका वाक्यात सांगायचे तर, ज्या क्षेत्रावर माणसे मोजली त्या क्षेत्राची हद्द ठरल्याशिवाय लोकसंख्येचा कोणताही आकडा वापरू नये.

हे पटण्यासाठी एक दूरचे उदाहरण उपयोगी आहे. कॅरिबियन समुद्रात माँटसेराट नावाचे सुमारे १०२ चौरस किलोमीटरचे एक बेट ब्रिटिश ताब्यात आहे. आकाराने ते आपल्याकडच्या दहा-पंधरा मौजांएवढे भरेल. अशा बेटाचा लोकसंख्येचा इतिहास लिहिणाऱ्याला मोठी सोय असते, कारण हद्द समुद्राने आखून दिलेली असते आणि दोनशे वर्षांपूर्वीचा आकडा आजच्या आकड्याशेजारी निःशंक मांडता येतो. तरीही १८ जुलै १९९५ रोजी तेथील सूफ्रिएर हिल्स हा ज्वालामुखी जागा झाला, राजधानी प्लिमथ रिकामी करावी लागली आणि पुढे ती राखेखाली गेली. बेटाचा अर्ध्याहून अधिक दक्षिण भाग राहण्यास बंद झाला. दहा हजारांहून अधिक असलेली लोकसंख्या २०११ च्या गणनेत पाच हजारांच्या आत आली होती. ही संख्या पूर्ण १०२ चौरस किलोमीटरने भागली तर घनता निम्म्यावर आल्यासारखी दिसते, पण उत्तरेकडील जेवढ्या भूमीवर माणसे खरोखर राहतात तेवढीच धरली तर दाटी जवळपास पूर्वीइतकीच आहे. समुद्राने हद्द आखलेल्या बेटावरही कागदावरचे क्षेत्र आणि राहते क्षेत्र वेगळे होऊ शकते. आपल्या गावांभोवती तर समुद्रही नाही. आहेत ते धुरे, नाले आणि पांदण रस्ते, आणि त्यांच्या नोंदी गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलल्या आहेत.

हद्द निश्चित करणे

म्हणून पहिले काम जनगणनेचे पुस्तक उघडण्याचे नाही. पहिले काम गाव नकाशा मिळवण्याचे आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मौजाच्या नकाशाची नक्कल रीतसर अर्ज करून मिळते आणि आता बऱ्याच मौजांचे नकाशे शासनाच्या संकेतस्थळावरही पाहता येतात. नकाशाच्या कोपऱ्यातील प्रमाण, मोजणीचे वर्ष आणि शेजारच्या मौजांची नावे आधी वहीत उतरवून घ्यावीत. त्यानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाचा एकास पन्नास हजार प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा घ्यावा. तो नोंदणी करून विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवता येतो आणि त्यावर समोच्च रेषा, नाले, विहिरी, तलाव आणि वस्त्या दिसतात. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की महसुली मौजा आणि प्रत्यक्ष वस्ती यांतला फरक पहिल्याच दिवशी लक्षात येतो.

येथे गाव म्हणजे काय, हे स्पष्ट ठरवावे लागते. जनगणना महसुली मौजा मोजते. ग्रामपंचायत एका मौजाची असू शकते किंवा गट ग्रामपंचायत म्हणून तीन-चार मौजांची असू शकते. लोक ज्याला गाव म्हणतात ते तिसरेच असू शकते. यवतमाळ आणि वाशीमकडचा तांडा, कोलामांचा पोड, मेळघाटातला ढाणा, भंडारा-गोंदियाकडची टोली या वस्त्या स्वतंत्र गावासारख्या नांदत असल्या तरी बहुधा जवळच्या मोठ्या मौजाच्या आकड्यात गेलेल्या असतात. पुढे एखाद्या तांड्याला स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा मिळाला की मूळ मौजाची लोकसंख्या एका दशकात एकदम घसरलेली दिसते, आणि तपास न करणारा लेखक त्या घसरणीसाठी दुष्काळ, स्थलांतर किंवा रोगराई अशी कारणे शोधू लागतो. प्रत्यक्षात एकही माणूस कुठे गेलेला नसतो.

याच्या उलट बाब म्हणजे रिठी आणि उजाड गावे. विदर्भाच्या प्रत्येक तालुक्यात अशी मौजे आहेत ज्यांची शेती कसली जाते, ज्यांचे सात-बारा निघतात, पण ज्यांत एकही घर नाही. जनगणनेच्या यादीत त्यांच्यापुढे वस्ती नसल्याची नोंद असते. काही लेखक अशी मौजे सरळ गाळून टाकतात आणि मला ते चुकीचे वाटते, कारण त्या टापूचा जुना इतिहास बहुधा तेथेच पडलेला असतो. रिठावर जाऊन पाहावे. पांढऱ्या मातीचा उंचवटा, खापरांचे तुकडे, बुजलेली विहीर, मारुतीचे ठाणे किंवा गढीच्या भिंतीचा अवशेष यांपैकी काही सापडले तर त्याची जागा भूमापन क्रमांकासह नोंदवावी. वस्तू उचलून घरी आणू नये आणि उकरूही नये. छायाचित्र काढून पुरातत्त्व विभागाला कळवावे. जुनापाणी आणि माहुरझरी येथील शिळावर्तुळे, नागपूर जिल्ह्यातले अडम, पवनीचा स्तूप, वर्धेकाठचे कौंडिण्यपूर ही स्थळे आज सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्यामुळे या भूमीवरील वस्ती किती जुनी आहे हे समजते, आणि साध्या दिसणाऱ्या टेकाडाकडेही जपून पाहिले पाहिजे हेही.

मौजाची हद्द ठरली की वरच्या हद्दी तपासाव्यात, कारण कोणत्या वर्षीचा आकडा कोणत्या जिल्ह्याच्या पुस्तकात शोधायचा हे त्यावर अवलंबून असते. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडून १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. नागपूरचे भोसल्यांचे राज्य त्यानंतर लगेच खालसा झाले आणि त्याचा प्रदेश १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात आला. वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला तो १९०३ मध्ये. वऱ्हाडात त्या वेळी सहा जिल्हे होते. १९०५ मध्ये बाशीम (आताचे वाशीम) आणि एलिचपूर (आताचे अचलपूर) हे जिल्हे मोडून चार करण्यात आले आणि वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळे झाले. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेश राज्यात होता, त्यामुळे १९५१ च्या जनगणनेची आपल्या जिल्ह्यांची पुस्तके मध्य प्रदेश शासनाने छापलेली आहेत आणि महाराष्ट्राच्या यादीत ती शोधणाऱ्याला सापडत नाहीत. राजुरा भागाची गोष्ट आणखी निराळी आहे. तो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेव्हा राजुरा, कोरपना किंवा जिवती तालुक्यातील गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने जुने आकडे हैदराबादच्या खंडांत पाहावेत आणि काही कागद उर्दूत मिळतील अशी तयारी ठेवावी.

या सर्व बदलांचा एक छोटा तक्ता सुरुवातीलाच करून ठेवावा: वर्ष, राज्य किंवा प्रांत, जिल्हा, तालुका, मौजाचे क्षेत्र. जुने क्षेत्रफळ एकर आणि चौरस मैलांत असते. एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर किंवा २.५९ चौरस किलोमीटर, आणि एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. दोन वर्षांच्या क्षेत्रफळांत रूपांतरानंतरही मोठा फरक उरला तर हद्द बदलली आहे असे समजून थांबावे आणि कारण सापडेपर्यंत ती दोन वर्षे एकमेकांशी जोडू नयेत.

जमीन वाचणे

भूगोलाचे प्रकरण अक्षांश-रेखांश आणि तालुक्यापासूनचे अंतर देऊन संपवण्याची प्रथा आहे. त्याऐवजी, माणसे नेमकी येथेच का राहिली, या प्रश्नाचे उत्तर जमिनीत शोधावे. पश्चिम आणि मध्य विदर्भाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण आहे. त्यावरच काळी कसदार माती तयार झाली आणि तिच्यामुळे कापूस. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत खडक वेगळा आणि त्याहून जुना आहे, पाऊस अधिक आहे आणि जमीन धानाची आहे. बुलढाण्याकडे वर्षाला साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर गडचिरोली-गोंदियाकडे तो १३०० मिलिमीटरच्या वर जातो. हा फरक वस्तीच्या आकारातही उतरतो. काळ्या मातीच्या मोकळ्या प्रदेशात गावे मोठी आणि एकवटलेली असतात. पूर्वेकडच्या झाडीपट्टीत बांध्या (धानाची बांधाची शेते), बोड्या (लहान तळी) आणि जंगल यांच्यामधून लहान टोल्या विखुरलेल्या दिसतात.

आपल्या गावापुरते पाहताना पाणी हाच मुख्य धागा ठेवावा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. तेथे जमीन सपाट आणि सुपीक आहे, पण भूगर्भातले पाणी खारे आहे, त्यामुळे कोणत्या गावाला गोड पाण्याची विहीर होती आणि कोणत्या गावाला नदीवरून पाणी आणावे लागे, यावर त्या गावाचा विस्तार ठरत आला. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरकडे मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आज माजी मालगुजारी म्हणून मामा तलाव म्हणतात. त्यांपैकी पुष्कळ तलाव कोहळी समाजाच्या कुशल हातांनी बांधले आणि नवेगाव बांध हे त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे. अशा भागात तलाव कधी बांधला, त्याच्या पाटाखाली किती बांध्या भिजत आणि तलाव गाळाने भरल्यावर काय झाले, ही माहिती लोकसंख्येच्या तक्त्याइतकीच मोलाची आहे.

गावाभोवती एकदा पूर्ण फेरी मारावी, शक्यतो उन्हाळ्यात, जेव्हा नाल्याचे पात्र, जुन्या विहिरींचे काठ आणि पडीक जमीन उघडी दिसते. सोबत गावातला कोतवाल किंवा गुरे राखलेला एखादा जाणता माणूस असावा. गावठाण, गोठाण, ई-क्लास जमीन (गावाच्या सामाईक वापराची सरकारी जमीन), झुडपी जंगल, स्मशान आणि पांदण यांच्या जागा नकाशावर खुणा करून घ्याव्यात. झुडपी जंगल आणि वनजमीन मौजाच्या एकूण क्षेत्रात धरलेली असेल तर घनतेचा आकडा फसवा येतो. म्हणून घनता दोन प्रकारे काढावी, एक मौजाच्या पूर्ण क्षेत्रावर आणि दुसरी लागवडीखालील क्षेत्रावर, आणि दोन्ही आकडे लेखात द्यावेत.

आकड्यांची मालिका

मध्य प्रांताची पहिली शिरगणती १८६६ मध्ये आणि वऱ्हाडची १८६७ मध्ये झाली. संपूर्ण देशात एकाच वेळी घेतलेली पहिली जनगणना १८८१ ची, आणि तेव्हापासून दर दहा वर्षांनी २०११ पर्यंत ती चुकली नाही. एकेका गावाचे आकडे सहज मिळतात ते १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत. त्या पुस्तिका जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहेत आणि जिल्हा ग्रंथालयांतही कुठे कुठे सापडतात. त्याआधीच्या काळासाठी जिल्ह्याचे आणि तालुक्याचे आकडे घ्यावेत आणि ते गावाचे नाहीत हे स्पष्ट लिहावे. तालुक्याची टक्केवारी गावाला लावून गावाची १८९१ ची संख्या काढण्याचा मोह होतो. तसे कधीही करू नये. अकबराच्या काळातील वऱ्हाड सुभ्याच्या नोंदींत सरकार, परगणे आणि त्यांचा महसूल आहे. त्यांत आपल्या परगण्याचे नाव असेल तर ते अवश्य द्यावे, पण त्या महसुलावरून माणसे मोजू नयेत.

आकडे मिळाले की त्यांच्यातला बदल टक्क्यांत काढावा. कृती साधी आहे: नंतरच्या संख्येतून आधीची वजा करावी, उरलेल्या संख्येला आधीच्या संख्येने भागावे आणि शंभराने गुणावे. वऱ्हाडचेच आकडे घेऊन पाहू. १८६७ मध्ये २२,२७,६५४ माणसे होती, १८९१ मध्ये २८,९७,४९१ झाली. वाढ सुमारे ३० टक्के आहे, मात्र ती चोवीस वर्षांची आहे, दशकाची नाही. पुढे १९०१ मध्ये संख्या २७,५४,०१६ वर आली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे ५ टक्के घट झाली. या तीन आकड्यांत वऱ्हाडच्या इतिहासाचा केवढा तरी भाग सामावला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, खामगाव आणि अमरावतीच्या बाजारपेठा भरभराटीला आल्या, पडीक जमीन लागवडीखाली आली आणि बाहेरून कुटुंबे येऊन वसली. त्यानंतर १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आणि त्यांच्या पाठोपाठ आलेले रोग यांनी ती वाढ मागे ओढली.

त्यापुढील खूण १९१८ ची. इन्फ्लुएन्झाची ती साथ जुन्या पिढीच्या तोंडी मानमोडी या नावाने राहिली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात तिने भयंकर मनुष्यहानी केली, आणि १९११ ते १९२१ या दशकात संपूर्ण भारताची लोकसंख्या किंचित घटली. म्हणून १९२१ च्या आधीचा आणि नंतरचा काळ एकाच रेषेवर मांडू नये. १९२१ पूर्वी वाढ आणि घट आलटून पालटून येतात. नंतर रेषा वरच जात राहते, आणि गावाची रेषा वर गेली नसेल तर माणसे तेथून बाहेर पडली आहेत, असा अर्थ बहुधा निघतो.

जातीजमातींच्या स्तंभांबाबत दोन ठिकाणी अतिशय सावध राहावे लागते, कारण विदर्भातील गावांत तेथेच सर्वांत मोठे गैरसमज होतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि गावोगावच्या लक्षावधी लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. १९६१ च्या जनगणनेत त्यांची नोंद बौद्ध म्हणून झाली आणि त्या काळच्या कायद्यानुसार ते अनुसूचित जातींच्या संख्येत धरले गेले नाहीत. त्यामुळे १९५१ आणि १९६१ यांच्या दरम्यान अनेक गावांतला अनुसूचित जातींचा आकडा कोसळलेला दिसतो. १९९० च्या कायद्याने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आणि १९९१ मध्ये तोच आकडा पुन्हा उसळला. वस्ती तीच, घरे तीच, माणसेही तीच होती. दुसरी जागा अनुसूचित जमातींची आहे. १९७६ च्या कायद्याने जमातींवरील क्षेत्रबंधन, म्हणजे ठरावीक भागातच एखाद्या जमातीला अनुसूचित मानण्याची अट, उठवण्यात आले, त्यामुळे १९७१ आणि १९८१ यांच्यामध्ये महाराष्ट्रात जमातींची नोंदलेली संख्या जवळपास दुप्पट झाली. ज्या गावाच्या तक्त्यात हे दोन धक्के दिसतील तेथे तळटीप न देता थेट मजकुरातच कारण सांगावे, म्हणजे कोणीही त्या आकड्यांवरून शेजाऱ्याविषयी भलता निष्कर्ष काढणार नाही.

गणनेचा महिनाही लक्षात ठेवावा. १९३१ पर्यंतच्या गणना एका रात्रीच्या असत. त्या रात्री जो जेथे सापडला तेथे मोजला गेला. गणनेच्या रात्री जत्रा, बाजार किंवा एखादे मोठे बांधकाम चालू असेल तर त्या गावाचा आकडा फुगतो. अलीकडच्या गणना फेब्रुवारीत होतात आणि १ मार्च हा संदर्भदिवस धरला जातो. त्या दिवसांत वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा शहरात बांधकामावर गेलेली कुटुंबे गावात नसतात. ज्या गावातून हंगामी मजुरी मोठ्या प्रमाणावर चालते तेथे पावसाळ्यातले गाव आणि फेब्रुवारीतले गाव यांत किती फरक असतो, हे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदींवरून आणि शाळेच्या हजेरीवरून पडताळून पाहावे.

दप्तरातले कागद

गावपातळीवरचा सर्वांत बोलका कागद म्हणजे कोतवाल बुक. कोतवाल गावातील जन्म आणि मृत्यू नोंदवून ते पोलीस ठाण्याला कळवत असे, आणि त्या नोंदी आज गाव नमुना १४ म्हणून तहसीलच्या अभिलेख कक्षात जपलेल्या असतात. त्यांतल्या काही मोडीत आहेत. मोडी वाचणारा जाणकार सोबत घ्यावा, अंदाजाने अक्षर लावू नये. सगळी नावे उतरवण्याची गरज नाही. प्रत्येक वर्षाचे जन्म किती, मृत्यू किती आणि मृत्यूचे कारण कोणते लिहिले आहे, एवढे तीन स्तंभ भरले तरी दुष्काळाची आणि साथीची वर्षे आपोआप वर येतात. १९१८ चे पान मिळाले तर ते विशेष काळजीने पाहावे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत मिळतील.

जमिनीचे कागद कोणते मागायचे ते आपण वर्धा नदीच्या कोणत्या बाजूला आहोत त्यावर ठरते. वऱ्हाडात रयतवारी पद्धत होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरत असे; यवतमाळ आणि वाशीमकडे काही पडीक गावे इजाऱ्याने (मुदतीच्या पट्ट्याने) वसवली गेली होती. नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा (आताचे चंद्रपूर) या भागांत मालगुजारी होती आणि ती १९५० च्या कायद्याने संपली. त्यामुळे पूर्वेकडच्या गावासाठी बंदोबस्त मिसल, वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक मागावे. गावकऱ्यांना जंगलातून लाकूड आणि चराई किती मिळे, तलावाचे पाणी कोणी कसे वाटून घेई, हे त्यांतून कळते. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख दोन्हीकडे उपयोगी पडतो. शाळेचे दाखल-खारिज रजिस्टर मात्र अनेकजण विसरतात. मुलाचे जन्मगाव, पालकाचा व्यवसाय आणि शाळा सोडल्याचे कारण त्यात असते, आणि कोणती कुटुंबे कोणत्या वर्षी गाव सोडून गेली याचा माग त्यातून निघतो.

प्रत्येक कागदाला एक प्रश्न विचारावा: ही मोजणी कोणी केली आणि कशासाठी? कॅरिबियन बेटांवर १८१७ पासून गुलामांच्या नोंदवह्या ठेवल्या गेल्या. इंग्रजांनी १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला होता, आणि मळेवाले चोरून नवी माणसे आणत नाहीत ना, हे तपासण्यासाठी त्या होत्या. त्या वह्या मळ्याच्या मालकांनी दिलेल्या माहितीवर भरल्या गेल्या. माणसाचे नाव, वय आणि वर्ण त्यात आहे, पण त्या माणसाने स्वतःविषयी काय सांगितले असते ते नाही. आज त्याच बेटांवरचे लोक आपल्या पूर्वजांचा शोध त्याच वह्यांतून घेतात, आणि अन्यायाच्या हाताने लिहिलेला कागदही सत्याच्या कामी कसा आणता येतो हे दाखवून देतात. आपली दप्तरे त्या प्रकारची नाहीत, पण तीही सरकारने सारा वसूल करण्यासाठी आणि बंदोबस्त ठेवण्यासाठी लिहवली. भूमिहीन मजूर, एकट्या स्त्रिया, भटकी कुटुंबे आणि दुसऱ्याच्या वाड्यात राहणारी गडीमाणसे त्यांत अंधुक दिसतात. जमिनीच्या कागदांवरून गावाचा इतिहास लिहिला तर तो जमीनधारकांचाच इतिहास होतो, ही जाणीव लेखकाला सतत असली पाहिजे.

ती उणीव भरून काढण्यासाठी माणसांशी बोलावे. वयोवृद्धांना सन विचारू नये, घटना विचारावी. तुमचे लग्न दीक्षेच्या आधी झाले की नंतर, बहात्तरच्या दुष्काळात तुमचा मोठा मुलगा केवढा होता, पहिली मोटार गावात आली तेव्हा तुम्ही शाळेत जात होतात का, अशा प्रश्नांतून वर्ष जवळपास नेमके ठरते. स्त्रियांना माहेरचे गाव अवश्य विचारावे. तीस-चाळीस घरांतल्या सासवा-सुनांची माहेरे नकाशावर मांडली की गावाचा सोयरिकीचा प्रदेश दिसतो, आणि तो बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रेषेला जुमानत नाही.

मोठ्या प्रकल्पांच्या जवळची गावे असतील तर विस्थापनाची नोंद वेगळ्या प्रकरणात करावी. गोसीखुर्द, ऊर्ध्व वर्धा आणि ईसापूर यांच्या जलाशयांत गावठाणे गेली. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून कुंड, कोहा आणि बोरी ही गावे बाहेर आणून वसवली गेली. अशा गावाच्या बाबतीत मूळ मौजा, बुडीत क्षेत्र आणि पुनर्वसित गावठाण हे तीन वेगळे नकाशे लागतात. पुनर्वसित गावात किती कुटुंबे आली, किती परस्पर शहरात गेली आणि किती शेजारच्या मौजात नातेवाइकांकडे राहिली, हे घरोघर विचारूनच कळते. हे काम लवकर करावे, कारण बुडालेल्या गावातील घरांची रचना आठवणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

लेखन करताना

मजकूर लिहिताना आकडा, त्याचे वर्ष आणि त्याची हद्द या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात आणाव्यात. कारण देताना शब्द जपून वापरावेत. दुष्काळाच्या दशकात संख्या घटली असेल आणि कोतवाल बुकात मृत्यू वाढलेले असतील तरच दुष्काळाने माणसे मेली असे लिहावे. मृत्यू वाढलेले नसतील तर ती माणसे निघून गेली असण्याचा संभव अधिक आहे, आणि मग शेजारच्या बाजारगावाचा किंवा वणी, घुग्घुस, बल्लारपूरकडच्या कोळसा खाणींच्या गावांचा त्याच दशकातला आकडा पाहावा.

दप्तरांत जातींच्या, अनौरस जन्मांच्या, गुन्ह्यांच्या आणि आजारांच्या नोंदी नावानिशी सापडतात. त्या कोणत्याही कुटुंबाच्या नावासह छापू नयेत. बेरजा छापाव्यात, नावे वहीत ठेवावीत, आणि ज्या कुटुंबाची गोष्ट सांगायची असेल त्याला मजकूर वाचून दाखवून संमती घ्यावी. पूर्ण झालेला कच्चा मसुदा ग्रामसभेत वाचावा, आणि तांड्यावर, पोडावर, टोलीवर जाऊन स्वतंत्रपणेही वाचावा, कारण ग्रामसभेत तेथील माणसे बोलतीलच असे नाही.

पुढील जनगणनेचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे. त्याआधीच गावाची घरयादी वस्तीनिहाय तयार करून ठेवावी, गणनेच्या वेळी बाहेरगावी असणाऱ्या कुटुंबांची संख्या वेगळी लिहावी, आणि त्या दिवशीचा मौजाचा नकाशा, बुडीत व वनक्षेत्राच्या खुणांसह, शाळेत एक आणि ग्रामपंचायतीत एक असा दोन ठिकाणी जपून ठेवावा.